पुढच्यास ठेच, पण मागच्याला सांगणार कोण?

अकरा महिने मी एक कागद घरात कुणाच्या नजरेला पडू दिला नव्हता. क्रेडिट कार्डाचं मासिक बिल. ते आलं की 'किमान देय रक्कम' असं लिहिलेल्या चौकटीतला आकडा भरायचा, कागदाची घडी घालून जुन्या फायलीत तळाशी सरकवायची आणि पुढचं बिल येईपर्यंत त्या फायलीला हात लावायचा नाही, असा क्रमच होऊन बसला होता. देणं कशामुळे झालं हे लपवण्यासारखं मुळीच नव्हतं. एक आजारपण आलं, त्याच सुमारास नोकरीत खंड पडला, आणि मिळकत थांबली तरी राहणी पूर्वीसारखीच दिसत राहावी असा माझा आटापिटा होता. 'हिला पैसे सांभाळता येत नाहीत' हे वाक्य मला कुणाकडूनही ऐकायचं नव्हतं. खरं म्हणजे ते कुणी म्हणालंच नव्हतं. मीच ते सगळ्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं.

अकराव्या महिन्यात ताईला सांगितलं. ती रागावेल, निदान गप्प तरी होईल, अशी माझ्या मनाची तयारी होती. तिने बिल हातात घेतलं, चष्मा लावला आणि विचारलं, "व्याज किती टक्के?" मला उत्तर देता आलं नाही. अकरा महिने मी व्याज भरत होते आणि त्याचा दर मला ठाऊक नव्हता. दर पाहायचा तर कागद नीट वाचावा लागला असता, आणि कागद वाचला असता तर आपलं किती चुकलंय ते डोळ्यांसमोर आलं असतं.

त्या रात्री आम्ही मांडलेला हिशेब सोप्या आकड्यांत सांगते. देणं एक लाख धरा. व्याज महिन्याला ३ टक्के, आणि किमान रक्कम म्हणजे व्याजासकट थकबाकीच्या ५ टक्के. नवी खरेदी एका पैशाचीही नाही. अकरा महिने किमान रक्कम भरली तर हातून सुमारे ५१ हजार जातात. देणं उतरतं फक्त २१ हजारांनी. बाकीचे ३० हजार व्याजात जातात. मला खरा धक्का बसला तो पुढच्या ओळीला. पहिल्या महिन्याची किमान रक्कम येते ५,१५०. तेवढीच रक्कम दर महिन्याला, कमी न करता, भरत राहिलं तर हे देणं ३० महिन्यांत पूर्ण फिटतं. बिलात छापलेला, महिन्यागणिक थोडा थोडा उतरणारा आकडा भरत राहिलं, तर त्याच ३० महिन्यांनंतर सुमारे ५२ हजार अजून डोक्यावर असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त. मला वाटायचं, किमान रक्कम कमी होतेय म्हणजे ओझं हलकं होतंय. त्या उतरत्या आकड्यामुळेच तर फेड लांबत होती. ताईला पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं, महिना १ टक्का व्याजाचं साधं कर्ज काढून कार्डाचं देणं मिटवलं असतं, तर त्याच हप्त्यात २२ महिन्यांत सुटका होती.

दहा मिनिटांचा हा हिशेब. टक्केवारी येणाऱ्या कुणालाही जमेल असा. मला तो येत होता. मग अकरा महिने मी तो केला का नाही?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण फार सहज वापरतो. तिच्यात एक अट दडलेली आहे. पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला दिसलं पाहिजे. पुढचा कळवळला, थांबला, अंगठा धरून खाली बसला, तर मागच्याला दगड कळतो. पैशाच्या वाटेवर मात्र ठेच लागलेला माणूस ओठ मिटून सरळ चालत राहतो, आणि मागून येणारा त्याच दगडावर आपटतो. पैशाच्या त्याच त्या चुका पिढ्यान्‌पिढ्या होत राहतात यामागे अज्ञानापेक्षा अब्रूची भीती मोठी आहे, असं माझं म्हणणं आहे. ही भीती एकेकट्याच्या मनात असते हे खरं, पण तिला खतपाणी समाज घालतो, आणि तिच्यावर धंदेही चालतात. म्हणून हा घरगुती विषय मला सार्वजनिक प्रश्न वाटतो.

आधी अज्ञानाबद्दल. १७२० मध्ये लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांचे भाव वेड लागल्यासारखे चढले आणि वर्ष संपायच्या आत कोसळले. त्यात हात पोळलेल्यांमध्ये आयझॅक न्यूटन होता. त्याने आधी शेअर विकून चांगला नफा पदरात पाडून घेतला होता. भाव आणखी चढताना पाहून तो चढ्या भावाने पुन्हा आत शिरला आणि मोठी रक्कम गमावून बसला. त्या वेळी तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता. त्याला गणित येत नव्हतं किंवा पैसा म्हणजे काय ते कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? पैशाच्या चुकांना अडाणीपणाचं लेबल लावलं की शिकलेला माणूस दुहेरी अडचणीत सापडतो. चूक तर होतेच, शिवाय ती कबूल करणं म्हणजे आपण अडाणी ठरणं, असं त्याला वाटतं. मग तो आणखी गप्प बसतो.

ही लाज किती खोल जाऊ शकते याचं एक उदाहरण मला कायम अस्वस्थ करतं. १८२४ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना सुमारे ४० पौंडांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं गेलं. देणं न फेडणाऱ्याला कैदेत घालायची तेव्हा रीत होती. इंग्लंडात ती १८६९ च्या कायद्याने बहुतांशी संपली. चार्ल्स तेव्हा १२ वर्षांचा होता आणि बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवत होता. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, गरिबांची दुःखं त्याने जगापुढे मांडली, पण स्वतःच्या घरातली ही गोष्ट त्याने अगदी जवळच्या माणसांपलीकडे कुणाला कळू दिली नाही. त्याच्या मुलांनासुद्धा ती कळली त्याच्या मृत्यूनंतर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून. चूक वडिलांची होती आणि लाज मुलाने जन्मभर सांभाळली. तुरुंग कायद्याने बंद झाले, पण आपल्या मनातले ते अजून चालू आहेत.

लाज एकटी नुकसान करत नाही. तिच्या जोडीला नुकसान मान्य न करण्याची ओढ असते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की मिळालेल्या रकमेचा जेवढा आनंद होतो, त्याहून तेवढीच रक्कम गमावल्याचं दुःख कितीतरी मोठं असतं. त्यांच्या नंतरच्या अंदाजानुसार दुपटीहून थोडं जास्तच. म्हणून आपण तोटा 'झाला' असं म्हणणंच टाळतो. घसरलेला शेअर विकला की तोटा पक्का होतो; न विकता ठेवला की 'येईल परत वर' एवढं म्हणायला जागा उरते. टेरन्स ओडियन याने एका ब्रोकरकडच्या १० हजार खात्यांचे व्यवहार तपासून १९९८ मध्ये दाखवलं की लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात. पुढच्या वर्षभरात विकलेल्या शेअरांनी ठेवलेल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अधिक परतावा दिला होता. कवटाळून बसण्याला बाजाराचा काही आधार नव्हता. मन दुखायचं तेवढं टळत होतं.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची गोष्ट याच जातीची, आणि ती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही. जेम्स पेज नावाच्या संशोधकाने छपाईचे खिळे आपोआप जुळवणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. ट्वेन लहानपणी छापखान्यात खिळे जुळवायला शिकला होता. त्या कामाचा वेळ आणि शीण त्याला ठाऊक होता, म्हणून हे यंत्र जग बदलणार याची त्याला खात्री पटली. या धंद्यातलं आपल्याला कळतं, हा विश्वासच घातक ठरला. यंत्रात सुमारे १८ हजार भाग होते. ते चालायचं तेव्हा अप्रतिम चालायचं, आणि सारखं बिघडायचं. दर वेळी आणखी थोडे पैसे, आणखी थोडी दुरुस्ती. १८८६ मध्ये हेच काम करणारं साधं आणि टिकाऊ लायनोटाइप यंत्र न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात कामाला लागलंसुद्धा, तरी ट्वेन पैसे घालतच राहिला. 'इतके घातलेत, आता कसं सोडू?' हे वाक्य कुठल्याही भाषेत सारखंच महाग पडतं. सुमारे ३ लाख डॉलर त्या यंत्रात गेले. सोबत त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली आणि १८९४ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

इथपर्यंतची कथा धड्यांच्या लेखांत येते. पुढची अशी की १८९३ मध्ये त्याची हेन्री रॉजर्स या उद्योगपतीशी ओळख झाली आणि त्याने आपले सगळे हिशेब रॉजर्सपुढे टाकले. दिवाळखोरी कशी जाहीर करायची, लेखनाचे हक्क पत्नीच्या नावावर करून कसे वाचवायचे, यंत्राचा नाद कधी सोडायचा, हे सगळं रॉजर्सने ठरवलं. मग १८९५-९६ मध्ये ट्वेनने जगभर व्याख्यानं दिली, हिंदुस्थानातही दिली, आणि कायद्याने बंधन नसताना १८९८ पर्यंत ज्यांचं देणं होतं त्यांची पै न् पै चुकवली. चौदा वर्षं जे त्याच्या बुद्धीला उमगलं नाही, ते हिशेब दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्यावर काही महिन्यांत सुटू लागलं. रॉजर्स ट्वेनपेक्षा हुशार होता का, हा प्रश्न गौण आहे. त्या यंत्रावर त्याचा जीव जडला नव्हता, आणि ते बुडाल्याने त्याची मान खाली जाणार नव्हती. माझ्या बिलाकडे पाहताना ताईला व्याजाचा दर सुचला तो यामुळेच.

गुप्ततेचं आणखी एक नुकसान आहे आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. एकट्याने घेतलेला धडा बहुधा चुकीचा असतो. दुधाने तोंड पोळलं की आपण ताकही फुंकून पितो, आणि कुणाशी बोललो नाही तर ताकाचं ताक म्हणून वेगळेपण सांगणारं कुणी भेटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ओळखीच्याच्या सांगण्यावरून सगळी शिल्लक एकाच कंपनीच्या शेअरांत घातली आणि त्यातली बरीचशी गेली. चूक होती ती सगळं एका जागी ठेवण्याची. मी धडा घेतला तो असा की शेअर म्हणजे जुगार, पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. पुढची तेरा-चौदा वर्षं सगळी बचत मुदत ठेवीत राहिली आणि तिथे ती सुरक्षित आहे असं मला वाटत राहिलं. वर्षाला ६ टक्के महागाई असेल तर १२ वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्मी होते. ठेवीवर कर वजा जाता तेवढंच व्याज मिळत असेल, तर माणूस बारा वर्षं आहे तिथेच उभा राहतो. पहिल्या चुकीत माझी दोन-तीन वर्षांची शिल्लक गेली होती. तिच्यापासून घेतलेल्या धड्याने त्याहून कितीतरी जास्त नेलं.

हा माझ्या एकटीचा स्वभावदोष नाही. उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफन नागेल यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांच्या अनेक दशकांच्या माहितीवरून दाखवलं की ज्यांनी आपल्या आयुष्यात शेअर बाजाराची वाईट वर्षं अधिक पाहिली, ते पुढेही शेअरपासून दूर राहतात आणि गुंतवले तरी कमी गुंतवतात. अनुभव हाच गुरू, असं आपण म्हणतो. पैशाच्या बाबतीत हा गुरू फार थोडे धडे देतो, फार उशिरा देतो, आणि ज्याचा त्याला वेगळा देतो. दहा जणांचे अनुभव एका ठिकाणी आले, तरच त्यातून नियम दिसतो.

असे अनुभव एका ठिकाणी न आल्यामुळे काय होतं, हे मी जवळून पाहिलं. एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिले. सहीच तर करायची होती, आणि माणूस रोज शेजारच्या टेबलावर बसणारा. जामीन राहणं म्हणजे त्याच्या चांगुलपणाची शिफारस करणं, अशी माझी समजूत होती. कर्जदार थकला की कर्ज देणारा सरळ आपल्या दारात येऊ शकतो, आधी त्याच्याकडून पुरतं वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणायची सोय बहुतेक कागदांत ठेवलेली नसते, हे मी सही केल्यानंतर दीड वर्षाने शिकले. त्याचे हप्ते मी भरले, आणि भरत असल्याचं कचेरीत कुणाला सांगितलं नाही. माझी लाज आणि त्याची अब्रू, दोन्ही जपायच्या होत्या. तो नोकरी सोडून गेल्यावर एका संध्याकाळी सहज बोलताना कळलं की माझ्या आधी एक जण त्याला जामीन राहिला होता आणि माझ्यानंतर आणखी एक. तिघेही भरत होतो, आणि तिघांनाही वाटत होतं की आपण एकटेच फसलो. पहिल्याने एक शब्द काढला असता तर आम्ही दोघं वाचलो असतो. मी काढला असता तर निदान तिसरा वाचला असता. त्या सहकाऱ्याबद्दल आता मला राग नाही. माझ्या गप्प बसण्याबद्दल मात्र अजून टोचणी आहे, कारण त्या गप्प बसण्याचे पैसे माझ्याच नव्हे, दुसऱ्याच्या खिशातून गेले.

आता कुणी म्हणेल, बोलायचं तर बोला, तुम्हाला अडवलंय कुणी? ते सगळ्यांना सारखं शक्य नसतं. पैशाच्या चुका मोकळेपणाने सांगताना आपण ज्यांना ऐकतो, ते बहुतेक जिंकून आलेले असतात. यशस्वी उद्योजकाची पहिली दिवाळखोरी ही कौतुकाची कथा होते. ती त्याला व्यासपीठावरून सांगता येते. ज्याचं देणं अजून फिटलेलं नाही, त्याला तीच गोष्ट घरमालकाला, वरिष्ठाला, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना कळली तर किंमत मोजावी लागते. ट्वेनपाशी नाव होतं, म्हणून त्याला रॉजर्स भेटला. बोलायला हवं, असं मी म्हणते तेव्हा चौकात उभं राहून जाहीर करा असं माझं म्हणणं नाही. हिशेब तपासू शकेल अशा एका माणसाला, पहिल्या महिन्यात.

शिवाय ओढाताणीत असलेल्या माणसाची चूक वेगळ्या नजरेने पाहायला हवी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी दोनदा घेतली गेली: एकदा तोडणीच्या आधी, हात आखडलेले असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणसं तीच. आधीच्या चाचणीत त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी होती. पैशाची चिंता डोक्यातली जागाच व्यापून टाकते. अशा माणसाला 'विचार करून खर्च करायला हवा होता' असं सुनावणं म्हणजे ओझं वाहणाऱ्याला ताठ चाल म्हणण्यासारखं आहे.

या सगळ्यावर उपाय म्हणून आर्थिक साक्षरतेचं नाव घेतलं जातं. वर्ग घ्या, पुस्तिका वाटा, शाळेत विषय सुरू करा. मी विरोधात नाही. पण त्याच्या ताकदीबद्दल प्रामाणिक राहू या. २०१४ मध्ये २०१ अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत आढळलं की लोकांच्या आर्थिक वागणुकीतल्या फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का फरक अशा शिक्षणाने समजावता येतो, आणि तोही काळाबरोबर विरत जातो. पुढे २०२२ मध्ये ७६ काटेकोर प्रयोग तपासून केलेल्या दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष बराच आशादायक आला, हेही सांगितलं पाहिजे. माझं मत दोन्हींच्या मधलं आहे. शिक्षण उपयोगी पडतं, विशेषतः निर्णयाच्या तोंडावर मिळालं तर. पण लाजेवर ते उपाय करत नाही, आणि समोर मांडलेला डाव ते बदलत नाही.

डाव बदलला की काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचा अनुभव मांडला. निवृत्तीसाठीच्या बचत योजनेत नव्या कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करून शिरायचं, अशी रीत असताना ४९ टक्के लोक सामील होत. कंपनीने रीत उलटी केली: सगळे आपोआप आत, नको असेल त्याने अर्ज करून बाहेर पडायचं. प्रमाण ८६ टक्क्यांवर गेलं. कुणाचंही स्वातंत्र्य गेलं नाही, कुणाला वर्गात बसवलं नाही. ब्रिटनने २०१२ पासून हीच पद्धत देशभर लागू करायला घेतली.

माझ्या बिलाशी थेट नातं असलेलं उदाहरण याहून बोलकं आहे. अमेरिकेने २००९ मध्ये क्रेडिट कार्डांबद्दल कायदा केला. किमान रक्कमच भरत राहिलात तर देणं फिटायला किती काळ लागेल, आणि ३६ महिन्यांत फेडायचं तर महिन्याला किती भरावे लागतील, हे बिलावर छापणं त्याने बंधनकारक केलं. त्याच कायद्याने कार्डकंपन्यांच्या छुप्या आणि दंडरूपी शुल्कांवर मर्यादा घातल्या. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी परिणाम मोजले. छापील माहितीमुळे भरण्यात पडलेला फरक अगदी थोडा होता. शुल्कांवरच्या मर्यादांनी मात्र ग्राहकांचे वर्षाला जवळजवळ १,२०० कोटी डॉलर वाचवले. मला तो छापील आकडा बिलावर हवाच आहे. कदाचित माझी घडी त्याने एखादा महिना आधी उघडली असती. पण जी चूक लाखो माणसं एकाच जागी, एकाच पद्धतीने करतात, तिथे एकेकट्याला शहाणं करत बसण्याआधी ती जागा दुरुस्त करायला हवी. रस्त्यावरच्या एकाच वळणावर रोज अपघात होत असतील, तर चालकांची शिबिरं घेऊन भागत नाही.

आणि या लाजेवर पोट भरणारे लोक आहेत, हे विसरून चालणार नाही. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपवाल्यांनी कर्जदाराच्या फोनमधली संपर्कयादी उचलून हप्ता थकताच नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना फोन लावल्याच्या तक्रारी अनेक देशांत झाल्या आहेत. अशा कर्जात सोनं नाही, जमीन नाही. अब्रू हेच तारण. एखाद्याच्या देण्याबद्दल तिऱ्हाइताला सांगायला वसुली करणाऱ्यांना बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७७ पासून आहे. तो मोडणारे तिथेही असतात, पण कायद्याने बाजू कुणाची घेतली आहे हे तरी स्पष्ट होतं.

फसवणुकीतही हेच. चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, आणि तेव्हापासून फसलेल्या माणसाला 'हावरट' म्हणायची सवय जगाला लागली. पण २००८ मध्ये उघडकीला आलेल्या बर्नार्ड मॅडॉफच्या घोटाळ्यात आमिष अचाट नफ्याचं नव्हतंच. बेताचा, वर्षानुवर्षं न डगमगणारा परतावा, हेच त्याचं गाजर होतं, आणि सावध माणसं, धर्मादाय संस्था त्याला भुलल्या. हॅरी मार्कोपोलोस नावाच्या जाणकाराने २००० सालापासून नियामकाला लेखी कळवूनही तो वेळेवर पकडला गेला नाही. जिथे नियामकाला दिसलं नाही, तिथे निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्याला दिसायला हवं होतं असं म्हणण्यात न्याय कुठला? हावरट ठरण्याच्या भीतीने माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रार न झाल्याने भामट्याला पुढचं गिऱ्हाईक मिळतं.

मग माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का? आहे. माझं बिल मीच झाकलं, सही मीच केली, सगळे शेअर एकाच कंपनीचे मीच घेतले. ही वाक्यं मी कुणावर ढकलणार नाही. पण जबाबदारी घेणं आणि लाजणं यांत फरक आहे. जबाबदारी घेणारा माणूस दर विचारतो, आकडा मांडतो, कुणालातरी दाखवतो. लाजणारा घडी घालून फाइल बंद करतो. आपण मुलांना पैशाबद्दल शिकवतो त्यातलं बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं. घरातली देणी मुलांसमोर बोलायची नाहीत, बुडालेल्या पैशाचा विषय काढायचा नाही, अडचणीतल्या नातेवाइकाबद्दल दबक्या आवाजात बोलायचं. मुलं त्यातून एवढंच शिकतात की हे असलं आपल्या बाबतीत झालं तर आवाज दबका ठेवायचा.

म्हणून गेली काही वर्षं मी घरातल्या तरुण मुलामुलींना माझे तिन्ही प्रसंग आकड्यांसकट सांगते. ऐकताना ती अवघडतात. मीही अवघडते. कार्डाचं ते जुनं बिल मी जपून ठेवलं आहे आणि मागेल त्याला दाखवते.

मागच्या महिन्यात रात्री उशिरा भाचीचा फोन आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली. म्हणाली, "मावशी, तुला एक दाखवायचं होतं. आईला अजून सांगितलं नाहीये." तिने बिलाचा फोटो पाठवला. मी चष्मा लावला आणि आधी व्याजाचा दर शोधला, मग थकबाकी कधीपासूनची आहे ते पाहिलं. तिसराच महिना होता.